‘पामा ओ काकेरु’ की ‘पामा ओ आतेरु’?

ओसाकात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, पर्म करून घेण्याला पाठ्यपुस्तकात ‘पामा ओ काकेरु’ असे शिकवले असताना तिथल्या सलूनमध्ये मात्र ‘पामा ओ आतेरु’ असे कानी पडते. तेव्हा यांतले बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर. ‘काकेरु’ हे प्रमाण जपानीतले क्रियापद आहे आणि ‘आतेरु’ प्रामुख्याने कान्साईत, म्हणजे ओसाका-क्योतोच्या बाजूला, बोलले जाते. ‘पामा’ हे ‘पर्मनंट’चे आखूड रूप, युद्धकाळात इंग्रजी शब्द नकोसे झाले, तेव्हा त्याऐवजी ‘देन्पात्सु’, शब्दशः ‘वीज-केस’, असेही म्हणत.

मराठी माणसाला ‘काकेरु’ घोकावे लागू नये, कारण त्याच्या अर्थांचा बराचसा पसारा आपल्या ‘लावणे’शी जुळतो. ‘कागि ओ काकेरु’ म्हणजे कुलूप लावणे, ‘मेगाने ओ काकेरु’ म्हणजे चष्मा लावणे आणि ‘देन्वा ओ काकेरु’ म्हणजे फोन लावणे. त्याच ओळीत बसवून ‘पामा ओ काकेरु’ म्हणजे केसांना वळण लावणे असे म्हटले की शब्द कायमचा लक्षात राहतो.

‘वळण’ हा शब्द इथे मी मुद्दाम वापरला आहे. मुळातच कुरळ्या केसांना जपानीत ‘कुसेगे’ म्हणतात. त्यातला ‘कुसे’ म्हणजे सवय किंवा खोड, आणि ‘गे’ हे केस या अर्थाच्या ‘के’चे समासात मृदू झालेले रूप. केसांचा बाक आणि अंगवळणी पडलेली सवय यांची सांगड दोन्ही भाषांनी आपापली घातली, याचा मला फार आनंद वाटतो. सकाळी उठल्यावर एका बाजूला ताठ उभ्या राहिलेल्या केसांना ‘नेगुसे’, म्हणजे झोपेने लावलेली खोड, म्हणतात. इतका नेमका शब्द आपल्याकडे हवा होता.

सलूनमध्ये जपायचे ते ‘सुतोपा’ आणि ‘शुकुमो क्योसेइ’ यांतल्या फरकाला. ‘सुतोपा’ म्हणजे स्ट्रेट पर्म. तो त्या मानाने सौम्य असतो आणि आधीचा पर्म मोडण्यासाठीही करतात. ‘शुकुमो क्योसेइ’त मात्र औषध लावलेल्या केसांवर तापलेली इस्त्री फिरवून ते सरळ करतात. ‘क्योसेइ’ म्हणजे वाकडे ते सरळ करणे, आणि दातांना तारा लावून ते रांगेत आणण्यालाही हाच शब्द आहे.

काही महिन्यांनी पर्म उतरला की ‘पामा गा तोरेता’ म्हणावे. शर्टाचे बटण निघाले, तरी क्रियापद हेच.