लॉकडाऊनमध्ये चर्च बंद असताना कॅथलिक लोकांनी मिस्सा कशी केली? मोबाईलवर बघितलेली मिस्सा चालते का?

प्रश्नाखाली तुम्ही अजून एक विचारलंय, की तुमच्यात दहन करत नाहीत म्हणतात, मग कोविडमध्ये गेलेल्यांचं काय केलं. दोन्हींवर लिहितो. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातला, घरात मराठी आणि चर्चमध्ये पण मराठीच, आणि त्या काळात आमच्या चर्चमध्ये कॅमेरा लावायला जी तीन-चार पोरं होती त्यातला एक. त्यामुळे ऐकीव कमी आणि पाहिलेलं जास्त सांगतो.

आधी सरळ उत्तर. मिस्सा म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना. मोबाईलवर मिस्सा बघून प्रार्थना होते, मनाला बरं वाटतं, पण ती मिस्सा 'झाली' असं आमच्यात धरत नाहीत. रविवारी चर्चला जाणं आम्हाला बंधनकारक आहे, न गेलो तर ते पाप, आणि लॉकडाऊनमध्ये बिशपांनी त्या बंधनातूनच सूट दिली होती. म्हणजे यूट्यूबवर बघितली म्हणून बंधन पूर्ण झालं असं नव्हतं, बंधनच उचललं होतं. हा फरक आमच्यातल्याही बऱ्याच लोकांच्या लक्षात आला नाही. कारण असं की मिस्सेत मुख्य गोष्ट ख्रिस्तप्रसाद, फादर वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात आणि आम्ही मानतो की ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, आणि ते खायचं असतं. स्क्रीनमधून भाकर कशी येणार? मग त्या वेळेला फादर एक छोटी प्रार्थना म्हणायचे, आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची, की प्रभू मी तुला आज प्रत्यक्ष घेऊ शकत नाही तर निदान मनाने ये. ही प्रार्थना जुनीच आहे पण आमच्या पिढीने ती पहिल्यांदा २०२० साली ऐकली असेल.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू होता, तो रविवार होता, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातला. तेव्हा वाटलं दोन-तीन आठवडे. मग झावळ्यांचा रविवार आला, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, ५ एप्रिल, आणि आमच्याकडे तर झावळ्यांना काय तोटा, नारळ दारात, आईने दोन पात्या तोडून त्यांचा क्रूस वळला आणि टीव्हीसमोर धरून बसली. पवित्र गुरुवारी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पाय धुण्याचा विधी असतो तो त्या वर्षी रोमहूनच, म्हणजे पोपच्या व्हॅटिकनहूनच, रद्द केला होता. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात तो पण नाही, फक्त पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती. फादर, एक सिस्टर (धर्मभगिनी), वाचन करायला एक जण, पेटीवर एक जण आणि आम्ही कॅमेऱ्याची पोरं. जिथे ईस्टरला उभं राहायला जागा नसते तिथे फादरांचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. ते सवयीने "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणाले की आम्ही पाच जणच काय ते उत्तर द्यायचो आणि नंतर घरी गेल्यावर आजी म्हणायची तुमचा आवाज अजिबात ऐकू येत नव्हता.

आजी तर मोबाईल देवघरातल्या येशूच्या पवित्र हृदयाच्या फोटोला टेकवून ठेवायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि गुडघ्यावर बसायची, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. एका रविवारी दुसऱ्या कुठल्यातरी चॅनलवरची मिस्सा लावली होती आणि फादरांनी ख्रिस्तप्रसाद वर उचलला आणि नेमकी तेव्हाच पत्ते खेळून पैसे जिंका अशी जाहिरात सुरू झाली. आजीने मान वर केलीच नाही, तिला वाटलं बाहेर कोणी बोलतंय. आम्ही हसलो आणि मग कोणालाच हसू येईना.

अजून एक गोष्ट फोनवर होत नाही ती म्हणजे पापनिवेदन, फादरांसमोर आपली पापं सांगून क्षमा मागणं. खूप लोकांनी फादरांना विचारलं की व्हॉट्सॲप कॉलवर ऐकून घ्या ना, तर नाही, समोर लागतं. रोमहून २० मार्च २०२० ला जे निवेदन आलं त्यात असं होतं की मनापासून पश्चात्ताप करा, जमेल तेव्हा लवकरात लवकर पापनिवेदन करीन असा निश्चय ठेवा, त्यानेही क्षमा मिळते. स्वतः पोप फ्रान्सिस रोज सकाळची मिस्सा लाईव्ह देत होते मार्चपासून मे मध्यापर्यंत, आणि त्यातच १७ एप्रिलच्या मिस्सेत त्यांनीच सावध केलं की हे बोगद्यातून बाहेर पडेपर्यंतच, लोक आणि संस्कार (ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन असे विधी) नसलेलं फक्त ऑनलाईन चर्च हे चर्च नाही. ऑनलाईन मिस्सा देणाऱ्यानेच असं सांगणं मला तरी प्रामाणिक वाटलं.

तसं साथीत दुरून मिस्सा ही कल्पना नवी नाही. १५७६ च्या प्लेगमध्ये इटलीतल्या मिलान शहरात लोक घरात कोंडलेले होते तेव्हा तिथले आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ, जे नंतर संत झाले, त्यांनी चौकाचौकात वेद्या उभारल्या म्हणजे लोकांना खिडकीतून मिस्सा दिसेल. आणि आपल्या मुंबईत गावठाणांमध्ये फिरा, वांद्र्याला, गिरगावच्या खोताची वाडीला, जे जुने क्रूस दिसतात त्यातले कितीतरी १८९६ च्या प्लेगच्या वेळचे आहेत. आमच्याकडे पण आळीच्या तोंडाला क्रूस आहे. दर मे महिन्यात संध्याकाळी सगळी आळी तिथे माळ म्हणायला, म्हणजे मण्यांवर मरियेची प्रार्थना म्हणायला, जमते, नंतर चणे वाटतात, आम्ही लहानपणी चण्यांसाठीच जायचो. २०२० च्या मे मध्ये जमायला बंदी, तर एका काकीने क्रुसापाशी एकटीने उभं राहून मोठ्याने सुरू केलं आणि ज्याच्या त्याच्या ओट्यावरून लोक "हे पवित्र मरिये" म्हणायला लागले. शेवटच्या घरापर्यंत आवाज पोचेस्तोवर पुढचं सुरू झालेलं असायचं म्हणून सगळा गोंधळ, पण महिनाभर चाललं. खरं सांगू तर त्या वर्षीची आमच्याकडची सगळ्यात चांगली उपासना हीच होती, आणि तिला ना कॅमेरा ना नेट.

एक विषय कोणी काढत नाही. आमच्या पट्ट्यात बरेच ख्रिस्ती शेतकरी सोनचाफा, मोगरा लावतात, तो जातो दादरच्या बाजारात आणि तिथून देवळात. देवळं बंद म्हणजे आमचा धंदा बंद. काका रोज पहाटे फुलं तोडायचा, झाडावर ठेवून चालत नाही, आणि खड्ड्यात टाकायचा. थोडी आळीच्या क्रुसाला वाहायचा. देवळं उघडावीत म्हणून आमचे कॅथलिक शेतकरी जेवढे डोळे लावून बसले होते तेवढे क्वचितच कोणी असेल.

हाच काका एप्रिल २०२१ मध्ये गेला, दुसऱ्या लाटेत. आमच्यात आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार असतो, फादर येऊन कपाळाला आणि तळहाताला पवित्र तेल लावतात. साथीत कापसाच्या बोळ्याने लावायची मुभा होती आणि आमचे फादर पीपीई किट घालून यायला तयार होते, पण हॉस्पिटलने आत सोडलं नाही, दोनदा गेटवरून परत पाठवलं. त्यांच्यावर काय प्रेशर होतं ते मला आता समजतं, तेव्हा नव्हतं समजत. काकीला एकच खंत, संस्काराशिवाय गेला. तेव्हा फादरांनी तिला त्याच २० मार्च २०२० ला रोमहून आलेल्या दुसऱ्या एका आदेशातलं समजावलं, की ज्याला शेवटी फादर मिळू शकत नाही त्याच्यासाठी सगळं चर्च प्रार्थना करतं आणि आयुष्यात नेमाने काहीतरी प्रार्थना करत आलेला असेल तर त्याला मरतेवेळी पूर्ण दंडमाफी मिळते, म्हणजे पापांबद्दल भोगायची उरलेली शिक्षा माफ होते. काकी म्हणाली प्रार्थना म्हणजे काय, तो तर फुलं तोडताना माळच म्हणायचा. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

आता दहनाचं. कॅथलिकांना दहन चालतं, १९६३ पासून परवानगी आहे. पुरणं पसंत करतात एवढंच. राख मात्र उधळायची नाही, घरी ठेवायची नाही, दफनभूमीत किंवा तशाच पवित्र जागी ठेवायची, हे २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मुंबईत ३० मार्च २०२० ला महापालिकेने सगळ्याच धर्मांच्या कोविड मयतांचं दहन करा असं पत्रक काढलं होतं आणि त्याच दिवशी ते बदलून पुरेशी मोठी जागा असेल तर पुरायला परवानगी दिली. आम्ही काकाला चर्चच्या दफनभूमीतच पुरलं. वीस माणसांची मर्यादा होती, आलो आम्ही सहा, शवपेटी किट घातलेल्या धर्मग्रामच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, पोरांनी उतरवली, त्यातली दोन माझ्या शाळेतली, चेहरा दिसत नव्हता, आवाजावरून ओळखलं. चुलतभाऊ कुवेतला, त्याने फोनवर बघितलं. तिथे मात्र तो कॅमेरा मला महत्त्वाचा वाटला.

उघडण्याचं थोडक्यात. १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला, राज्यात धार्मिक स्थळं उघडली. बाकांवर पट्ट्या, आळीनुसार पाळ्या, पासष्टच्या वरच्यांनी घरीच थांबा, पवित्र पाण्याच्या कुंड्या कोरड्या, समूहगायन नाही (आमच्या गाणाऱ्या बायकांनी हे सगळ्यात जास्त मनाला लावून घेतलं), ख्रिस्तप्रसाद फक्त हातावर. शांतीचं चिन्ह म्हणून बाकीच्या जगात हस्तांदोलन बंद झालं, आमच्याकडे आधीपासून नमस्कारच, तिथे काहीच बदललं नाही. नाताळला रात्री ११ पासून संचारबंदी म्हणून मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच. २०२१ च्या राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर क्रूस न काढता डोक्यावर राख शिंपडली. मग एप्रिलमध्ये परत बंद, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडलं.

लाईव्ह अजून चालू आहे, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि परदेशातल्यांसाठी. धडधाकट लोकांना सूट नाही, ती कधीच संपली. तरी काही जण अजून सोफ्यावर बसून बघतात आणि वर मलाच मेसेज करतात की आवाज कमी येतोय.