बाटलीतलं की बरणीतलं?

प्रश्न : दाढेच्या दुखण्यावर पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, तेव्हापासून पोट फुगतं. मुलगा मुंबईहून प्रोबायोटिकच्या (म्हणजे पोटाला चांगल्या अशा जिवंत जिवाणूंच्या) बाटल्या पाठवतोय. घेऊ का? – एक वाचक, देवगड

उत्तर : काकू, आधी फळीवरची विरजणाची बरणी बघा. अँटिबायोटिकने रोगजंतूंबरोबर आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात. घरच्या दह्याचं ताक जेवणासोबत घ्या, पण त्याची कढी उकळलीत की त्यातले जिवाणू गेलेच. आंबोळीचंही तसंच, पीठ रात्रभर आंबतं खरं, पण तव्यावर सगळे संपतात. आणि सोलकढी? कोकम आंबट असतं, आंबवलेलं नसतं. (मालवणी सासरी हे बोलायची माझी अजून छाती नाही.)

आतड्यात उरलेल्यांनाही खायला हवंच की! त्यांचं खाणं म्हणजे चोथा : कुळथाची पिठी, चवळीची उसळ, लाल माठ, उकड्या तांदळाची पेज. पोट फुगतंय तोवर कडधान्य वाटीभर नको, दोन चमच्यांपासून सुरू करा. माझ्या सासूबाई रात्रीचा भात सकाळी ताकात कालवतात. थंड भातातला थोडा स्टार्च न पचता जिवाणूंपर्यंत पोचतो. मात्र आपल्या दमट हवेत भात रात्रभर बाहेर नको, फ्रिजमध्येच ठेवा.

जुलाब, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर मात्र ताकावर भागवू नका, डॉक्टरांकडे जा.