मुलाची उंची कमी आहे, बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड म्हणून पुढे जाता येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा १४ वर्षांचा, उंची ५ फूट १, इथेच नाशिकला शाळेकडून पॉइंट गार्ड म्हणजे बॉल पुढे नेऊन टीमला खेळवणारा म्हणून खेळतो, बॉल त्याच्या हातात असला की टीम चालते, पण सिलेक्शनला त्याला सांगितलं "खेळ चांगलाय पण हाइट नाही, दुसरा गेम बघ" आणि तेव्हापासून तो बूटच घालत नाहीये. आणि विचारलंय की एवढ्या उंचीचा कोणी खरंच मोठा प्लेअर झालाय का, का आपण पोराला उगाच आशेला लावतोय.

झालाय. जरा सविस्तर लिहितो, कारण ते वाक्य मी पण ऐकलंय. नववीत असताना ट्रायल्सला आम्हाला भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं, भिंतीवर खडूने एक रेघ, ज्याचं डोकं रेघेच्या खाली तो डाव्या बाजूला. बॉल कुणाच्या हातात दिलाच नव्हता अजून. मी डावीकडे गेलो आणि संध्याकाळी सायकल हातात धरून गंगापूर रोडने चालत घरी आलो, बसावंसंच वाटलं नाही सायकलवर. माझी उंची शेवटी ५ फूट ४ ला थांबली, कॉलेजकडून खेळलो, युनिव्हर्सिटीपर्यंत गेलो, आता सातपूरला कंपनीत फर्स्ट शिफ्ट करतो आणि संध्याकाळी पोरांना शिकवतो. त्या ट्रायलनंतर काही महिन्यांनी एका सीनियरने मला मग्सी बोग्सबद्दल सांगितलं होतं, तेच आता तुमच्या मुलाला सांगा.

मग्सीचं खरं नाव टायरोन बोग्स, जन्म १९६५, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, गरीब वस्ती, लहान असताना रस्त्यावरच्या गोळीबारात छर्रे लागलेले. उंची ५ फूट ३, म्हणजे १६० सेंटीमीटर. तुम्ही संध्याकाळी कॉलेज रोडला उभ्या राहिलात तर पाच मिनिटांत त्याच्यापेक्षा उंच पन्नास माणसं समोरून जातील. आणि हा माणूस एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, १४ सीझन आणि ८८९ मॅच खेळला. एनबीएच्या इतिहासात त्याच्याएवढा बुटका दुसरा कोणी नाही.

शाळेत असताना त्याची डनबार हायस्कूलची टीम लागोपाठ २ सीझन एकही मॅच हरली नव्हती, त्या टीममधली ४ पोरं पुढे एनबीएत गेली आणि त्यातली ३ तर १९८७ च्या एकाच ड्राफ्टच्या (एनबीएच्या टीम नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या राउंडमध्ये घेतली गेली, मग्सी १२ व्या नंबरवर. त्याआधी १९८६ ला स्पेनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, अमेरिकेने कॉलेजची पोरं पाठवलेली, त्यांनी फायनलला सोव्हिएत युनियनला ८७-८५ हरवून गोल्ड आणलं, त्या टीमचा गार्ड हाच. पहिल्या वर्षी वॉशिंग्टनकडून खेळला तेव्हा टीममध्ये मनूट बोल होता, ७ फूट ७ इंच, दोघांचा शेजारी उभे असलेला फोटो शोधून मुलाला दाखवा. पण वर्षभरातच वॉशिंग्टनने त्याला सोडलं. शार्लट हॉर्नेट्स तेव्हा नवीन टीम होती, बाकीच्या टीमनी सोडलेल्या खेळाडूंमधून त्यांना निवड करायची होती, त्यात त्यांनी याला उचललं. म्हणजे तिथेही आधी कुणीतरी खडूची रेघ मारलीच होती. मग त्याच शार्लटकडून तो जवळपास १० वर्षं खेळला आणि त्या टीमचे सगळ्यात जास्त असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो) आणि सगळ्यात जास्त स्टील (समोरच्याकडून बॉल काढणं) हे दोन्ही रेकॉर्ड आजही त्याच्याच नावावर आहेत.

आता खरा मुद्दा. लोक त्याची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि मला ते अपुरं वाटतं, कारण जिद्द तुमच्या मुलाकडे पण आहे, डावीकडे उभ्या केलेल्या सगळ्या पोरांकडे होती. मग्सी नेमकं काय करायचा ते बघायला पाहिजे. रिंग ३.०५ मीटरवर असते हे बरोबर, पण बॉल तिथपर्यंत न्यायला २८ मीटरचं कोर्ट आहे आणि तो सगळा प्रवास जमिनीजवळ होतो. साडेसहा फुटी माणूस ड्रिबल करतो तेव्हा बॉल त्याच्या कमरेपर्यंत येतो, त्याची कंबर म्हणजे मग्सीची छाती, म्हणजे प्रत्येक टप्प्याला बॉल मग्सीच्या हातासमोर. आणि मग्सी ड्रिबल करायचा तेव्हा बॉल समोरच्याच्या गुडघ्याच्या खाली, तो काढायचा तर उंच माणसाला पार वाकावं लागतं आणि वाकला की तो मागे पडलाच. त्यामुळे समोरच्या गार्डला तो पूर्ण कोर्टभर चिकटायचा, सुखाने बॉल वर आणूच द्यायचा नाही.

हे मी रोज बघतो. माझ्याकडे सातवीतली एक मुलगी आहे, ग्रुपमध्ये सगळ्यात छोटी, चष्म्याला मागून इलॅस्टिक लावून खेळते. मागच्या आठवड्यात एका उंच मुलाने रिबाउंड घेतला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल वरून पकडला, वर हातात असताना त्या बॉलला कुणी हात लावू शकत नव्हतं, पण सवयीने त्याने बॉल खाली छातीपाशी आणला आणि कोपर वळायच्या आत हिने खालून टप्प करून बॉल काढला, तो अजून वरतीच बघतोय आणि ही दुसऱ्या बाजूला रिंगजवळ जाऊन ले-अप (जवळून मारलेली बास्केट) टाकून पण आली. मी त्याला ओरडलो, बॉल खाली आणू नको म्हणून. तिला काही सांगायची गरजच नव्हती, तिला माहितीये की बॉल तिच्या उंचीपर्यंत येणारच आहे, फक्त आधीच तिथे पोहोचायचं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मग्सी बॉल घालवायचा नाही. करिअरचे असिस्ट ६,७२६, मॅचला सरासरी साडेसातच्या वर, आणि टर्नओव्हर, म्हणजे हातून बॉल घालवणं, सरासरी दोनपेक्षाही कमी. ज्याच्या हातात पूर्ण मॅचभर बॉल असतो त्याचा हा आकडा आहे. १९९३-९४ ला तर मॅचला १०.८ पॉइंट आणि १०.१ असिस्ट अशी सरासरी होती. कोच असल्या पोराला बाहेर कसा बसवेल? पॉइंट गार्डला मी आधी हेच बघतो, पॉइंट किती मारले ते नंतर. आणि १९९३ ला त्याने न्यूयॉर्कच्या टीमच्या पॅट्रिक युइंगचा शॉट ब्लॉक केला होता, ७ फुटाच्या माणसाचा, ते पण आहे, पण ती मजा झाली, टीमने त्याला १० वर्षं ठेवलं ते बॉल सांभाळायचा म्हणून.

सगळे बुटके त्याच्यासारखेच खेळतात असं पण नाही. अर्ल बॉयकिन्स ५ फूट ५, त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, दहा दहा दिवसांच्या करारांवर या टीममधून त्या टीममध्ये फिरला, आणि हा पास देणारा कमी आणि शूटर जास्त, २००४ ला डेन्व्हरकडून एका मॅचला ३२ पॉइंट मारले त्याने. आणि आत्ताचा पाहिजे असेल तर जपानचा युकी कावामुरा, साधारण ५ फूट ८, पॅरिस ऑलिंपिकला फ्रान्सविरुद्ध २९ पॉइंट, समोर फ्रान्सचा उंचच उंच व्हिक्टर वेम्बान्यामा, ती मॅच ओव्हरटाइमला गेली आणि जपान हरला पण त्यानंतर कावामुरा एनबीएत मेम्फिसकडून खेळला. मुलाला आधी हाच दाखवा, ओळखीचा वाटेल, आशियातला आहे. उलट बाजूने बघायचं तर आपला सतनाम सिंग, ७ फूट २, २०१५ ला एनबीएने ड्राफ्ट केलेला पहिला भारतीय, फार अभिमान वाटला होता तेव्हा, पण एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही. म्हणजे उंची असून पण तिथे पोहोचणं किती अवघड आहे बघा.

म्हणून खोटी आशा मी देणार नाही. ५ फूट ३ चा एकच झालाय हे तुम्ही मुलाला सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे बास्केटबॉलवर घर चालणं अवघड आहे, उंच पोरांना पण. सरकारी नोकरीत महाराष्ट्रात ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, रेल्वेच्या टीम आहेत, पण त्याला मोठ्या स्पर्धांमधली कामगिरी लागते, त्यावर आत्तापासून हिशोब मांडू नका, दहावी नीट होऊ द्या. पण १४ वर्षांचं पोर आहे, शाळेच्या स्पर्धांमध्ये १७ खालचा आणि १९ खालचा गट अजून पुढे पडलाय, आणि मुलांची उंची या वयानंतर पण वाढते, किती ते कुणीच सांगू नये, मी पण नाही. फक्त मेडिकलमधल्या हाइट वाढवायच्या पावडरींवर पैसे घालवू नका प्लीज, आणि बारला लटकून हाडं लांब होत नाहीत, पकड मजबूत होते एवढंच. अंडी, शेंगदाणे, डाळ आणि आठ-नऊ तास झोप.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर डावा हात. रोज अर्धा तास फक्त डाव्या हाताने, गुडघ्याच्या खाली, आणि मान वर. मी पोरांसमोर उभा राहून बोटं दाखवतो, ड्रिबल चालू ठेवून किती बोटं ते सांगायचं, खाली बघितलं की पहिल्यापासून. हे तुम्ही घरी गच्चीवर पण करू शकता, तुम्हाला गेम येत नसला तरी. दुसरं, ब्रेक मारायला शिकणं, सगळे स्पीडच्या मागे असतात पण उंच पोराला चकवायचं तर पळता पळता अचानक थांबता आलं पाहिजे, त्याला थांबायला दोन पावलं जास्त लागतात. तिसरं फ्लोटर, म्हणजे बोर्डखाली उंच प्लेअरपर्यंत जायच्या आधीच बॉल वरून हलका सोडायचा. सुरुवातीला शंभरात दहा पण पडणार नाहीत, माझे तर सहा महिने पडत नव्हते, पण ज्या दिवशी पडायला लागतात त्या दिवसापासून समोरचा सेंटर, म्हणजे रिंगखाली उभा राहणारा उंच प्लेअर, पुढे यावं का मागे राहावं या गोंधळात असतो.

आणि एक काम तुमचं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, मुलाला परत कोर्टवर पाठवा, आणि पुढच्या मॅचला बाजूला बसून वहीत दोन रकाने करा. त्याच्या पासवर बास्केट झाली की एका बाजूला रेघ, त्याच्या हातून बॉल गेला की दुसऱ्या बाजूला रेघ. बाकी काही लिहू नका, ओरडू पण नका. घरी आल्यावर वही त्याच्या हातात द्या, तो स्वतःच मोजेल. तीन मॅच झाल्या की ते आकडे इथेच खाली लिहा ताई, मी बघून सांगतो काय करायचं ते.