सात वर्षांच्या नोकरीनंतर पीएच.डी.

आपले पत्र वाचले. एम.टेक.नंतर सात वर्षे चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या चासीच्या चाचण्या केल्यावर आता, 32व्या वर्षी, पीएच.डी.साठी अर्ज करावा का, आणि ही वर्षे ‘गॅप’ समजली जातील का, असे आपण विचारता.

नोकरीला कोणी गॅप म्हणत नाही. पण अर्जात केवळ प्रकल्पांची आणि बढत्यांची यादी दिली, तर निवड समितीला त्यातून संशोधक दिसणार नाही. रिगवर, म्हणजे कारखान्यातील चाचणीच्या यंत्रावर, उत्तीर्ण झालेला वेल्डिंगचा सांधा रस्त्यावर मात्र लवकर तडकतो, असे आपण पत्रात जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते आपला अर्ज त्या एका वाक्यात आहे. रस्त्यावरचे भार सतत बदलतात, आणि मायनरच्या नियमाने फटीगची, म्हणजे वारंवार पडणाऱ्या भारांनी धातूला येणाऱ्या थकव्याची, बेरीज करताना ते कोणत्या क्रमाने आले हे विचारातच घेतले जात नाही. या उणिवेवर आजवर काय काम झाले आहे ते वाचून, आपला प्रश्न दोन पानांत मांडा. कंपनीची आकडेवारी मात्र लेखी परवानगीशिवाय त्यात घालू नका.

खरी अडचण मुलाखतीत येते. अनुभवी उमेदवार कारखान्याविषयी तासभर बोलू शकतो, पण फळ्यावर साध्या तुळईचे समीकरण मांडायला सांगितले की अडखळतो. म्हणून गणित आणि पदार्थबल यांची जुनी पुस्तके आजच बाहेर काढा. गेट या प्रवेशपरीक्षेचा गुणांक 3 वर्षेच वैध असतो, त्यामुळे आपला जुना गुणांक संपला आहे. तो लागतो की एम.टेक.वर सूट मिळते, हे प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात पाहावे.

शिफारसपत्रांपैकी किमान एक एम.टेक.च्या मार्गदर्शकांचे असावे. व्यवस्थापकांना विनंती करताना, आपल्या वक्तशीरपणाऐवजी आपण एखाद्या बिघाडाचे कारण कसे शोधले ते लिहायला सांगा.

पैशाविषयी स्पष्ट बोलतो. आयआयटीत पूर्णवेळ विद्यार्थ्याला पहिली 2 वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. आपल्या गृहकर्जाचा हप्ता त्यात बसत नसेल, तर नोकरी सांभाळून बाह्य उमेदवार म्हणून नोंदणीचा मार्ग आहे; त्यासाठी कंपनीचे ना-हरकत पत्र लागते, आणि प्रयोगाची सोय कंपनीतच असली तर काम सोपे जाते. आपली रिग तेथेच आहे, म्हणून राजीनाम्याचा विचार करण्यापूर्वी वरिष्ठांशी ना-हरकत पत्राविषयी बोलून घ्या.