विंगेतून : तहसीलमधला कारकून आणि डब्लिनचा कारकून

(नाटकाबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नांदेडचे एक जुने नाट्यदिग्दर्शक.)

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. वय ३८. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हापासून एक मित्र मागं लागलाय. बॅरी फिट्झजेराल्ड नावाचा आयरिश नट म्हणे असाच कारकून होता, नोकरी सोडली आणि ऑस्कर घेतलं, तूही राजीनामा दे अन् मुंबई गाठ. घरी बायको, दोन मुली. काय करावं?

उत्तर : मित्राला आधी विचारा, बाबा, तू ही गोष्ट पूर्ण ऐकलीस का नुसता शेवट ऐकलास? माणूस खरा आहे. कारकुनी खरी आहे. ऑस्करही खरंच. पण राजीनामा आणि ऑस्कर यांच्या मधे पंधरा वर्षं गेलीत, आणि राजीनाम्याच्या आधीची वर्षं तर मित्रानं साफ गाळलीत. तुमच्या कामाची तीच आहेत.

त्याचं पाळण्यातलं नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म डब्लिनचा, १० मार्च १८८८ चा. तरुणपणीच सरकारी नोकरीत चिकटला, पुढं बेकारी विम्याच्या कचेरीत टेबल सांभाळलं. डब्लिनमध्ये ॲबी थिएटर १९०४ साली उभं राहिलं होतं, कवी येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्या पुढाकारानं. त्याचा धाकटा भाऊ आर्थर तिथं काम करायचा. त्याच्या मागोमाग हाही गेला. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम, रात्री प्रयोग. साहेबाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून नाव बदललं आणि विल शील्ड्सचा बॅरी फिट्झजेराल्ड झाला. आमच्या नांदेडातही एका गुणी नटाचं नाव पत्रिकेवर कायम खोटंच छापलं जायचं. साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे, त्यांना सगळं ठाऊक असायचं. चालायचं.

ॲबीत असा तो एकटा नव्हता. त्याच्या जोडीला उभा राहणारा एफ. जे. मॅकॉर्मिक हाही सरकारी नोकरीतूनच आलेला, खरं नाव पीटर जज. म्हणजे आयर्लंडच्या त्या नामांकित रंगभूमीचे दोन खांब कचेरीतून आलेले. आपल्याकडं स्पर्धेच्या केंद्रावर जा, बँकेतले, एस.टी.तले, जिल्हा परिषदेतले, वीज मंडळातले लोकच विंगेत मिशा चिकटवत उभे दिसतील. त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

सुरुवातीच्या एका नाटकात त्याला चार शब्दांचं वाक्य होतं. सांगतात की ऐन वेळी जीभ अडखळली, शब्दांची अक्षरं उलटीसुलटी पडली आणि थिएटर हसून लोळलं. मंडळींच्या ध्यानात आलं, हा हसवणारा आहे. पण तेवढ्यानं कुणी मोठा होत नसतो. कितीतरी वर्षं तो बारीकसारीक कामंच करत राहिला.

मग शॉन ओकेसी आला. डब्लिनच्या गरीब वस्तीतला, अंगमेहनतीची कामं केलेला माणूस, चाळिशी ओलांडल्यावर त्याची नाटकं ॲबीत लागायला लागली. १९२४ मध्ये ‘जूनो अँड द पेकॉक’ आलं आणि त्यातला कॅप्टन बॉयल फिट्झजेराल्डच्या वाट्याला आला. हा बॉयल म्हणजे बायकोच्या कमाईवर जगणारा, बढाया मारणारा, कामाचं नाव निघालं की ज्याचे पाय दुखायला लागतात असा गडी. आपल्याकडं मारुतीच्या पारावर असे दोनचार कॅप्टन कायमचे बसलेले असतात. प्रेक्षक त्याला हसता हसता घरातल्या बाईच्या हालांपाशी येऊन थबकतात. असं पात्र रंगवायला नटाच्या अंगात मुरलेली बिलंदरी लागते आणि वय लागतं. फिट्झजेराल्ड तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतही हजर असायचा.

नोकरी सोडली १९२९ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी. हवेत उडी मारली नाही. ओकेसीचं ‘द सिल्व्हर टॅसी’ ॲबीनं नाकारलं होतं, ते लंडनला उभं राहत होतं, त्यात त्याला भूमिका होती. हातात काम होतं, पाठीशी त्याला ओळखून असलेला लेखक होता. शिवाय माणूस अविवाहित, पगाराची वाट बघणारी मुलंबाळं घरात नव्हती.

तुमच्या पगारावर घरातली तीन माणसं आहेत. म्हणून सांगतो, राजीनाम्याचा कागद लिहू नका. त्यापेक्षा परभणीत, सेलूत, जिंतुरात कुणी लिहिणारं पोरगं शोधा. तुमचं बोलणं, तुमची चाल, तुमचं पोट बघून जो भूमिका लिहील असा लेखक. त्याला चहा पाजा, त्याचे मसुदे ऐका, तालमीला खोली मिळवून द्या. मराठवाड्यात नट ढीगभर आहेत, नाटककारांची वानवा आहे, आणि मुंबईला जाऊन ती भागत नाही. मालिकेत मानधनाचं काम आलंच तर कार्यालयाची परवानगी लेखी घ्या अन् रजा टाकून करून या.

प्रश्न : आमच्या अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या मैदानावरचं नाटक काही मंडळींनी मधेच बंद पाडलं. दिग्दर्शक शिक्षक खचलेत. त्यांना काय सांगू? (एक सहकारी शिक्षिका)

उत्तर : त्यांना फेब्रुवारी १९२६ ची ॲबीतली रात्र सांगा. वरच्याच ओकेसीचं ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ लागलं होतं. विषय १९१६ च्या ईस्टर उठावाचा, म्हणजे इंग्रजी राजवटीविरुद्ध आयरिश लोकांनी केलेल्या बंडाचा, ज्याच्या पुढाऱ्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या होत्या. नाटकात गुत्त्यात एक वेश्या बसलेली असते आणि त्याच गुत्त्यात स्वयंसेवकांचा झेंडा येतो. चौथ्या रात्री लोक उसळले. त्यांत उठावात मेलेल्यांच्या आयाबहिणीही होत्या, त्यांचं दुःख खोटं नव्हतं, हे मी विसरत नाही. काहीजण रंगमंचावर चढले. फ्लूथर गुड नावाच्या सुताराची भूमिका करणाऱ्या आपल्या कारकुनानं त्यातल्या एकाला ठोसा लगावला. येट्स पुढं आले आणि प्रेक्षकांना खडसावलं, तुम्ही पुन्हा स्वतःची लाज घालवलीत.

यातली गंमत बघा. देशद्रोही म्हणून ज्या मंडळींवर लोक धावून गेले, त्यांच्यातच आर्थर शील्ड्स होता, बॅरीचा भाऊ. तो १९१६ च्या उठावात हातात बंदूक घेऊन लढला होता आणि त्यापायी वेल्समधल्या फ्रॉनगॉखच्या छावणीत कैदेत राहिला होता. घोषणा देणाऱ्यांतल्या किती जणांनी तेवढं केलं होतं?

तुमच्या शिक्षकांनी ठोसा मारायची गरज नाही. ॲबीनं नाटक चालू ठेवलं, ते महत्त्वाचं. गावातल्या चार वडीलधाऱ्यांना तालमीला बोलवा, पूर्ण नाटक दाखवा. बंद पाडणाऱ्यांनी बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकलेलं असतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

प्रश्न : एकाच भूमिकेसाठी एका नटाला दोन ऑस्कर नामांकनं कशी मिळतात? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : आता मिळत नाहीत. फिट्झजेराल्डमुळंच नियम बदलला. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’मध्ये त्यानं म्हातारे, हट्टी फादर फिट्झगिबन केले. मतदारांनी त्याला मुख्य अभिनेता आणि सहाय्यक अभिनेता या दोन्ही यादींत घातलं. मुख्यचं ऑस्कर त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीला गेलं, सहाय्यकचं याला मिळालं. गंमत म्हणजे कॅथलिक पाद्री इतका झकास रंगवणारा हा माणूस प्रॉटेस्टंट घरातला.

महायुद्धामुळं धातूची टंचाई होती, म्हणून त्या काळात ऑस्करची बाहुली प्लॅस्टरची देत. यानं घरात गोल्फचा सराव करताना काठी मारली आणि बाहुलीचं मुंडकं उडवलं.

प्रश्न : त्याचा एकच चित्रपट बघायचा तर कोणता? (नांदेड)

उत्तर : ‘द क्वाएट मॅन’, १९५२, दिग्दर्शक जॉन फोर्ड. आयर्लंडमधल्या काँग गावात आणि आसपास बराचसा चित्रित झालाय. यात तो टांगेवाला आहे, लग्नं जुळवतो, पैजा लावतो आणि दारूचा वास आला की त्याचा घोडाही थांबतो. भाऊ आर्थरही आहे, गावच्या प्रॉटेस्टंट पाद्र्याच्या भूमिकेत. चित्रपटातलं आयर्लंड जरा जास्तच हिरवं आहे, अमेरिकेत जाऊन बसलेल्यांच्या आठवणीतलं, आणि बायकोला फरफटत नेण्याचा प्रसंग आज बघवत नाही. फिट्झजेराल्डसाठी मात्र बघा. दुसरा बोलत असताना हा नुसतं ऐकतो कसा, तेवढंच बघितलं तरी पुष्कळ शिकाल. आपल्या स्पर्धेतले निम्मे नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत उभे असतात.