न्यायाधीश आणि माजी सैनिक असलेल्या आजोबांच्या स्मरणिकेत काय छापावं?

प्रश्न : माझे आजोबा १९७१च्या युद्धात होते, नंतर न्यायाधीश झाले आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. पहिल्या वर्षश्राद्धाला ठाण्यात छोटी स्मरणिका काढतोय. त्यांची सैन्यातली आणि कोर्टातली माहिती कुठे मिळेल? काय छापावं?

उत्तर :

काय छापू नये ते आधी सांगतो, कारण ते छापून आलेलं मी पाहिलंय आणि वाटलंयसुद्धा. स्वतःच्या हाताने, हॉलच्या दारात उभं राहून.

'न्यायमूर्ती' छापू नका. न्यायमूर्ती हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात बसतात. जिल्ह्याला असतात ते न्यायाधीश. तुमच्या पाहुण्यांत एक जरी वकील असला तरी तो पहिल्याच ओळीला भुवया उंचावेल. तोंडावर बोलणार नाही, चहाच्या वेळी दुसऱ्या वकिलाला सांगेल.

माझे काका (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो) अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. त्याआधी तोफखान्यात होते. १९६२ला चीनने हल्ला केल्यावर सरकारने धडाधड इमर्जन्सी कमिशन (म्हणजे तातडीने दिलेलं तात्पुरतं अधिकारीपद) द्यायला सुरुवात केली, त्यात ठाण्याच्या नौपाड्यातला हा बी.ए. झालेला पोरगा मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलला गेला. १९६५ला सियालकोट आघाडीवर होता. परत आल्यावर लॉ केलं, कोर्टनाक्याला काही वर्षं वकिली केली आणि मग परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. नाना गेले २०१८ला. शोकसभेसाठी माझ्या चुलतभावाने, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाने, चार पानी पत्रक काढलं. गुळगुळीत कागद, पुढे तराजू, मागे रणगाडा. नाना आयुष्यात रणगाड्यात बसले नव्हते. नावाआधी 'न्यायमूर्ती कॅप्टन'. खाली ठळक अक्षरांत, '१९६५च्या युद्धातील शौर्यपदकाचे मानकरी'.

प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं, "दादा, हे शौर्यपदक नाहीये."

"मग कपाटात आहे ते काय आहे?"

कपाटात होतं ते समर सेवा स्टार. त्या आघाडीवर जे प्रत्यक्ष होते, त्या सगळ्यांना मिळालेलं. सोबतचं रक्षा मेडल तर त्या काळात फौजेत असणाऱ्यांना जवळजवळ सरसकट. त्यात कमीपणा काही नाही, पण शौर्यपदक म्हणजे परमवीर, महावीर, वीर चक्र, सेना मेडल. त्याच आघाडीवर पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. नाना त्यांचं नाव घेताना बसलेले असले तर सरळ होऊन बसायचे. त्या माणसाच्या नावापुढे आपण असलं काही छापायचं?

दादा म्हणाला, "कोण बघतंय रे?" आणि पत्रक छापायला गेलं.

तुमच्या आजोबांचं युद्ध १९७१चं, म्हणजे तुमच्या कपाटात बहुतेक पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असेल आणि बरोबर संग्राम मेडल. यांतलं एकही शौर्यपदक नव्हे. जे असेल त्याचं नाव जसंच्या तसं छापा.

आता मूळ गोष्ट. शोकसभेला दोन नगरसेवक, एक निवृत्त प्राचार्य आणि वकील संघटनेतले तिघे बोलले. पाचव्यांदा 'शिस्तप्रिय' ऐकल्यावर मी मोजायचं सोडलं. एकाने नानांनी किती जणांना फाशी दिली ते सांगितलं. (सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती होत नाही. स्मरणिकेत फाशीचे किस्से घालू नका, कुणाचंच भलं होत नाही.) शेवटी सूत्रसंचालकाने आणखी कुणाला बोलायचंय का म्हणून विचारलं, तेव्हा मागून एक म्हातारा उठला. जव्हारहून आला होता. नाना तिथे असताना कोर्टात पट्टेवाला होता.

तो जेमतेम दोन मिनिटं बोलला. म्हणाला, साहेबांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवून घेतलं आणि आम्ही दोघांनी साक्षीदाराचा पिंजरा उचलून त्यांच्या उजव्या हाताला आणला. सगळ्यांना सांगितलं, उजेड नीट येतो म्हणून. पाड्यावरची माणसं कोर्टात घाबरून तोंडातल्या तोंडात बोलायची. आधीचे साहेब ओरडायचे, 'मोठ्याने बोल'. हे साहेब खुर्चीवरून उठायचे, पिंजऱ्याला टेकून उभे राहायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. वकिलांना वाटायचं साहेब फार बारीक विचार करतायत.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. दादाचा चेहरा उतरला. सभा संपल्यावर तो त्या म्हाताऱ्याशी बोलला नाही, मीच त्याला रिक्षाने वंदनाच्या एसटी स्टँडवर सोडलं.

कानाचं मला माहीत होतं. नाना निवृत्त झाल्यावर संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारायचे, मी बरोबर असलो की नेहमी त्यांच्या उजव्या बाजूने चालायचो. पंचवीस पौंडी तोफेच्या शेजारी आठवडे काढलेले, कानात फार तर कापसाचा बोळा. २३ सप्टेंबरला पहाटे साडेतीनला युद्धविराम झाला. नाना म्हणायचे, "तोफा थांबल्या, तेव्हा लक्षात आलं की डाव्या कानात चालूच आहेत." कोर्टाच्या नोकरीसाठी मेडिकल झाली तेव्हा डॉक्टरने खिशातलं घड्याळ काढून आधी उजव्या कानाशी धरलं. मग डाव्या. नानांनी डॉक्टरच्या हाताकडे बघत मनात सेकंद मोजले आणि 'येतंय' म्हणून सांगितलं. मला सांगून झाल्यावर म्हणाले, "तेवढी एक खोटी साक्ष दिली बघ."

त्यांनी कानासाठी पेन्शन कधी मागितली नाही, आणि मागणार तरी कशी? मागितली असती तर डॉक्टरला काय सांगितलं ते बाहेर आलं असतं. पुढे सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी ऐकताना त्यांच्या मनात काय चालत असेल, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

माझं आणि दादाचं भांडण इथेच आहे. नसलेलं पदक त्याने छापलं आणि असलेला कान लपवला. त्याचं म्हणणं, बाबांनी मेडिकलला फसवलं हे लोकांना सांगून काय मिळणार? माझं म्हणणं, पिंजरा उजवीकडे का आला हे सांगितल्याशिवाय नाना सांगताच येत नाहीत. तुम्ही तुमच्या आजोबांचा असा कान शोधा. स्मरणिकेत 'मूल्यां'वरचा परिच्छेद घालणार असाल तर त्याला कात्री लावा आणि ती जागा त्या कानाला द्या.

बरं, माहिती. जवानांचं रेकॉर्ड ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. तोफखान्याचं नाशिक रोड कँपला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. तुमचे आजोबा अधिकारी असतील तर दिल्लीच्या सैन्य मुख्यालयाला लिहावं लागेल. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा, अर्ज कुणाच्या नावे करायचा ते तिथे सांगतील. जवळचे वारस असल्याचा कागद बरोबर ठेवा. कोर्टातलं अवघड आहे. खालच्या कोर्टांची जुनी कागदपत्रं ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. केस नंबर आणि पक्षकारांची नावं असतील तरच नक्कल विभागात विचारायला अर्थ. आजोबा २१ जुलै १९९८ नंतर कामावर असतील तर मराठीतलं निकालपत्र मिळण्याची शक्यता आहे, कारण त्या तारखेच्या सरकारी अधिसूचनेने खालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली. मिळालं तर एक पान जसंच्या तसं छापा. आणि ठाणे जिल्ह्यात जव्हार, वाडा, पालघर असं कुठे पोस्टिंग असेल तर २०१४पासून ते पालघर जिल्ह्यात गेलंय, चौकशी तिकडे करा.

पण खरी माहिती कागदात नाही. पट्टेवाला, बेंच क्लार्क, स्टेनो, बेलिफ यांच्यापैकी कोण हयात आहे ते शोधा. वकिलांना विचारू नका. वकील साहेबांबद्दल बोलता बोलता स्वतः जिंकलेल्या केसवर येतात.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. मी पुतण्या. मला नाना तलावपाळीवर भेटायचे, भेळ खाऊन घरी जायचो. शेवटची तीन वर्षं त्यांना उचलणं, आंघोळ घालणं, रात्री तीनला 'कोर्टाची वेळ झाली' म्हणून कपडे मागायचे तेव्हा समजूत काढणं, हे सगळं दादाने केलं. अशा माणसाला बाप पत्रकावर जरा मोठा दिसावासा वाटला तर मी फार बोलू नये. तरी बोललो. आणि काकू अजून आहे. तिला कानाचं माहीत आहे, मेडिकलचं नाही. इथे कुणाचं नाव नाही म्हणून लिहिलं.

उरलेल्या प्रती दादाच्या माळ्यावर गठ्ठ्यात आहेत. एक प्रत मी आणली आणि पेनाने दुरुस्त केली. 'न्यायमूर्ती' खोडून 'न्यायाधीश', 'शौर्यपदक' खोडून 'समर सेवा स्टार', रणगाड्यावर फुली. प्रत्येक खाडाखोडीशेजारी छोटी सही, नाना निकालपत्रावर करायचे तशी. शेवटच्या पानावर मार्जिनमध्ये पेन्सिलीने 'डावा कान' एवढंच लिहिलंय. तिथे अजून सही केलेली नाही.