फासकी डुकराची, अडकला बिबट्या, नोटीस मला

प्रश्न : मी डोंबिवलीत नोकरी करतो. गाव रत्नागिरी जिल्ह्यात. सातबाऱ्यावर आई, मी आणि चुलत भाऊ अशी तीन नावं आहेत, पण जमीन कसतो तो चुलत भाऊच. गणपतीला गेलो तेव्हा रानडुकरांनी दुधात आलेलं भात लोळवून टाकलं होतं. शेताचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, एका ठिकाणी कोसळलाय आणि त्या खिंडारातूनच डुकरांची रोजची वाट पडली आहे. मी भावाला म्हटलं, "काहीतरी बंदोबस्त कर, वायरचे पैसे मी देतो." मुंबईला आल्यावर ६०० रुपये पाठवले. दसऱ्याच्या आधी त्याच खिंडारात लावलेल्या फासकीत, म्हणजे वायरच्या फासात, बिबट्या अडकला. वनखात्याने त्याला बेशुद्ध करून सोडवलं. तो जिवंत आहे. भावाला अटक झाली, नंतर जामीन मिळाला. आता सहायक वनसंरक्षकांपुढे जबाबाला हजर राहा, अशी नोटीस मला आली आहे. गावातले म्हणतात, "फासकी डुकरासाठी होती, बिबट्या चुकून आला असं सांग, दंड भरून मिटेल." मेहुणा म्हणतो, फोनमधले मेसेज पुसून टाक. आई ७४ वर्षांची आहे, तिचंही नाव गुन्ह्यात येईल का?

उत्तर : गावाने ज्या वाक्यावर एवढी भिस्त ठेवली आहे, तिथूनच सुरुवात करतो. "फासकी डुकरासाठी होती" हे वाक्य बचावाचं वाटतं, पण कागदावर उतरलं की ती कबुली होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कलम २(१६) खाली 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. आपण शिकार म्हणजे जनावर मारणं समजतो. कायद्याच्या शिकारीत पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं, आणि यातल्या प्रत्येकाचा नुसता प्रयत्नही येतो. म्हणजे फासकीत काहीच सापडलं नाही, रिकामी वायर सकाळी दवाने भिजून लोंबत राहिली, तरी गुन्हा पुरा झाला. बिबट्या जिवंत सुटला याचं मलाही बरं वाटलं, पण गुन्हा घडला की नाही या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही. फरक पडलाच तर शिक्षा किती द्यायची त्या टप्प्यावर पडेल.

रानडुक्कर 'मोकळं' आहे, ते कोणीही मारावं, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. बिहार आणि उत्तराखंडात केंद्र सरकारने काही काळापुरतं, ठरावीक जिल्ह्यांत रानडुकराला कलम ६२ खाली उपद्रवी जाहीर केलं होतं. त्या बातम्या फिरत फिरत कोकणात आल्या आणि जिल्ह्यांची नावं वाटेत गळून पडली. आपल्याकडे रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे आणि कलम ९ प्रमाणे परवानगीशिवाय त्याची शिकार बंद आहे. "पीक वाचवायला केलं" हेही चालत नाही. कलम ११(२) मध्ये जी सूट आहे ती स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मारलं गेलं तर. त्यात भात नाही, नाचणी नाही, सुरण नाही. पिकासाठी वाट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आता बिबट्या. गावात त्याला वाघच म्हणतात, कायद्यातही तो वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा असेल तर कैद किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि वर दंड किमान पंचवीस हजार. 'किमान' हा शब्द नीट वाचा, कारण "दंड भरून मिटेल" या सल्ल्याचा निकाल तिथेच लागतो. कलम ५४ खाली अधिकाऱ्यांना तडजोडीने प्रकरण मिटवता येतं हे खरं, त्याची कमाल रक्कमही आता पाच लाखांवर गेली आहे. पण ज्या गुन्ह्याला किमान कैद सांगितली आहे, त्यात तडजोड करताच येत नाही. तेव्हा "मी साहेबांशी बोलून मिटवतो" असं कोणी म्हणालं, तर एक तर त्याने कायदा वाचलेला नाही किंवा तो तुमच्याकडून पैसे काढून दुसऱ्या गुन्ह्यात तुम्हाला ओढतो आहे.

मग बिबट्या 'चुकून' अडकला याला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती खटल्यात आणि वकिलाच्या तोंडून. बिबट्याची शिकार करण्याचा हेतूच नव्हता, त्यामुळे पहिल्या अनुसूचीची कडक शिक्षा लागू नये, असा युक्तिवाद करता येतो आणि भावाचा वकील तो करेलच. त्यावर सरकारी वकील काय विचारतील तेही सांगतो. फासकी माळावर कुठेही लावत नाहीत. पायाखालचं गवत दबलंय कुठे, गडग्याला चिखल घासलाय कुठे, केस अडकलेत कुठे, हे बघून नेमकी वाटेवर लावतात. ज्याला वाट वाचता येते, त्याला त्या खिंडारातून भेकर जातं, साळिंदर जातं, खवले मांजर जातं आणि डुकराच्या पिल्लांमागे बिबट्याही येतो हे ठाऊक असतंच. दुचाकीच्या ब्रेकची वायर यातलं कुठलंही जनावर निवडून धरत नाही. हा प्रश्न आला की 'चुकून' फार वेळ टिकत नाही. म्हणून हे वाक्य घेऊन जबाबाला जाऊ नका. शिवाय फासकी तुम्ही लावली नाही, लावताना तुम्ही तिथे नव्हता. ती कोणासाठी होती हे तुम्ही ठामपणे सांगितलंत, तर पुढचा प्रश्न एकच येईल : तुम्हाला कसं माहीत?

इथे तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कोणी शिकारी ठरत नाही. कोकणातल्या सातबाऱ्यांवर मुंबईकरांची, दुबईकरांची, काही वेळा स्वर्गवासी झालेल्यांचीही नावं आहेत. आईबद्दलही तेच : तिने काही केलं नाही, काही सांगितलं नाही, तर वारसाने लागलेलं नाव हा गुन्हा नाही. तिला एवढं आजच सांगा आणि झोपू द्या.

तुमची भीती सातबाऱ्याची नसावी, ६०० रुपयांची असावी. कलम ५२ प्रमाणे या कायद्याच्या भंगाला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो, त्यानेही तो भंग केला असंच धरलं जातं. "बंदोबस्त कर" या दोन शब्दांत गडगा रचणंही येतं, राखणीला माणूस ठेवणंही येतं आणि फासकीही येते. "वायरचे पैसे" मात्र मला खटकले. कुंपणाच्या तारेचे की फासकीच्या वायरचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मुद्दाम गाळलं असेल तर इथे न लिहिलंत हे बरं केलंत. पण तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत खरं ते सांगा. वकिलाशी केलेलं बोलणं गोपनीय असतं. फासकीची कल्पना तुम्हाला नव्हती, तर पैसे देण्याने मदतीचा गुन्हा होत नाही. मदत ही जाणून-बुजून करावी लागते. कल्पना होती, तर प्रकरण गंभीर आहे आणि पुढचं प्रत्येक पाऊल वकिलाच्या सल्ल्यानेच टाकायचं.

मेसेज पुसायचा विचारही करू नका. तो सल्ला प्रेमापोटी आला असेल, पण पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. दुसरं म्हणजे भावाचा फोन बहुधा आधीच जप्त असेल. तुमच्याकडून पुसलेला मेसेज त्याच्याकडे तसाच असेल, आणि मग साध्या "बंदोबस्त कर"चाही अर्थ काळा दिसू लागेल. पैसे पाठवल्याची नोंद तर बँकेत आहेच.

नोटिशीला हजर राहावंच लागेल. टाळलीत तर अटकेला कारण मिळेल. पण तिथे जे बोलाल त्याचं वजन समजून जा. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झालंय. वन अधिकारी पोलीस नसतात. कलम ५०(८) खाली अधिकृत सहायक वनसंरक्षकाने नोंदवलेला जबाब, तो आरोपीच्या समक्ष घेतलेला असेल तर, खटल्यात पुरावा म्हणून येतो. माझ्यासमोर असे जबाब आले आहेत : गावकऱ्याने "साहेबांनी लिहिलं, मी सही केली" म्हणून सही केलेली आणि मग आम्ही वर्षानुवर्षं त्या सहीशी झगडतोय. तेव्हा जबाब मराठीत घ्यायला सांगा, पूर्ण वाचा, चुकीचं वाक्य असेल तर दुरुस्ती करून घ्या, नाही केली तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात तसं लिहा. माहीत नसेल तर "माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला भाग पाडता येत नाही. हा आधार केव्हा घ्यायचा हे जाण्याआधी वकिलाशी ठरवा. नोटिशीत तुम्हाला साक्षीदार म्हटलंय की आरोपी, तेही त्यांना दाखवा. तारीख जवळ असेल तर लेखी अर्ज देऊन मुदत मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. फोनवर मागितलेल्या मुदतीला काही अर्थ नसतो.

हा गुन्हा अजामीनपात्र आहे. त्यामुळे हजर राहण्याआधीच सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली, करायचा का याचा विचार व्हायला हवा. तुमचं वर्णन खरं असेल तर मी करायच्या बाजूचा आहे : तुम्ही जागेवर नव्हता, नोकरी-घर कायमचं आहे, प्राणी जिवंत आहे, मुख्य आरोपीला जामीन झाला आहे. या कायद्यातली जामिनाची कडक अट, कलम ५१-क, आधी याच कायद्याखाली शिक्षा झालेल्यांसाठी आहे. तुम्हाला ती लागत नाही.

एक कटू गोष्ट. तुम्ही आणि भाऊ मिळून एकच वकील करू नका. "दादाने पैसे दिले" हा उद्या त्याचा बचाव होऊ शकतो आणि "मला फासकीचं माहीत नव्हतं" हा तुमचा. दोन्ही एका माणसाला एका न्यायालयात मांडता येत नाहीत. त्याच्या वकिलाची फी तुम्ही दिलीत तरी वकील वेगळा असू द्या. आणि घरच्या बैठकीत "कोणी काय सांगायचं" हे ठरवत बसू नका. त्या बैठकीला हजर असलेला कोणी ना कोणी पुढे साक्षीदार निघतो.

डुकरांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढच्या भाद्रपदात तो पुन्हा येणार. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला तर कलम ११(१)(ख) खाली लेखी परवानगी देता येते. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि नीलगायीपुरता तो अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत आणला गेला. परवानगी अटींसह येते, आणि फासकी तिच्यात बसते असं मुळीच धरू नका. नुकसान झालं की लगेच, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज द्या. सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदान आहे. विजेच्या खांबावरून आकडा टाकून कुंपणात करंट सोडायचं कोणी सुचवलं, तर त्याला थांबवा. त्यात माणूस गेला तर या नोटिशीची तुम्हाला आठवणही येणार नाही.

आणि सगळ्यात तातडीचं. फासकी लावणारे सहसा एकच लावत नाहीत. त्या वाटेवर पुढे आणखी असतील, तर त्यातली प्रत्येक नवा गुन्हा आहे, आणि जामिनावर असलेल्या भावासाठी तर दुप्पट वाईट. भावाच्या वकिलामार्फत आजच हे विचारून घ्या. असतील तर कोणी स्वतः जाऊन काढू नका, कारण तेही पुराव्याशी खेळणं ठरेल. वकिलामार्फत वनक्षेत्रपालांना लेखी कळवा, आणि सुट्टीचा दिवस असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर नोंद करून तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.